फोन टेकडीवर, माणूस वावरात

नोटीस अजून माझ्याजवळ आहे. "रुग्णवाहिका नियुक्त ठिकाणाहून कोणाच्या परवानगीने हलवली, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा," असं तिच्यात लिहिलंय. परवानगी कोणाचीच नव्हती. मी हलवली. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, गुडघे बोलतात, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, पण उद्या तशीच वेळ आली तर पुन्हा हलवीन. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर दिवाळी अंक वाचणारी चांगली माणसं शेवटी माझ्याकडून माफीची वाट पाहत बसायची.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी टेलिफोनवर होते. तालुक्याचं नाव लिहीत नाही. त्या वेळचे काही लोक अजून नोकरीत आहेत, आणि ते सगळेच काही वाईट नव्हते. माझं माहेर दिग्रसचं. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. पुढचं जे काही आलं ते पाहून पाहून आणि विचारून विचारून आलं. विचारायला मी कधी लाजले नाही, आणि बोलायला तर नाहीच नाही.

अब्बांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. आता माझा भाऊ रफीक चालवतो. त्या दुकानाची मागची भिंत तुम्हाला दाखवायला हवी. सगळ्या भिंतीला खिळे, आणि एकेका खिळ्यावर खडूनं एकेका गावाचं नाव. ज्या गावचा पंप, तो त्या गावाच्या खिळ्याला टांगायचा. डाव्या हाताला नदीकाठची गावं, उजव्या हाताला बरडावरची, म्हणजे वरच्या मुरमाड रानातली. लहानपणी मी विचारलं होतं, "अब्बा, ऐसा क्यूँ?" तर म्हणाले, "बेटा, काली मिट्टी के पंप की बीमारी अलग, बरड के पंप की अलग." खरंच तसं होतं. बरडावरचा पंप कचीनं, म्हणजे बारीक मुरमानं, तुंबून यायचा. नदीकाठच्या पंपाचे पट्टे तुटलेले असायचे, कारण तिथली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उंच. माणूस हात वर करकरून फवारणार, पाठीवर पंप हिंदकळणार, आणि पट्टा तुटणार. अब्बा नुसत्या खिळ्याकडे पाहून सांगायचे, या पंपाला आज काय लागेल. ही भिंत लक्षात ठेवा. मी स्वतः ती नेमकी हवी तेव्हा विसरले होते.

आता माझं काम. लोकांना वाटतं, फोनवरची बाई म्हणजे दिवसभर खुर्ची उबवणारी. फोन आला की काय झालं, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे, हे विचारायचं, घाबरलेल्याला घाबरू द्यायचं नाही, आणि त्याच वेळी गाडी कुठं पाठवायची ते काढून घ्यायचं. पहिले तीन प्रश्न सोपे. 'कुठं' हा सगळ्यात अवघड. आमच्याकडचा माणूस पत्ता सांगत नाही, ओळख सांगतो. "मागच्या साली बैल पडला व्हता ना, त्या विहिरीपाशी." एकदा एका काकांनी सांगितलं, "गाडी माह्या घरी पाठवा." म्हटलं, तुमचं घर कुठं? तर चिडून म्हणाले, "मले नाही ओळखत? सरपंचाचा साळा हाव मी." मी त्यांना विचारलं, काका, गाडीचा ड्रायव्हर सरपंचाला ओळखत नसला तर? तर म्हणाले, "मंग तो कायचा ड्रायव्हर?"

अशी वीस-बावीस वर्षं गेली आणि आमच्याकडे नकाशा आला. भिंतीवरचा नाही, इंटरनेटवरचा. जिल्ह्याहून एक तरुण साहेब आले, चष्मेवाले, बोलायला गोड. त्यांनी संगणकावर एक पान उघडून दाखवलं. फोन आला की जिथून फोन लागला तिथं नकाशावर आपोआप ठिपका पडायचा. प्रत्येक आजाराला वेगळा रंग. एकावर एक पापुद्रे चढवता यायचे: रस्त्यांचा, गावांचा, दवाखान्यांचा, नदीनाल्यांचा. साहेब त्याला 'लेयर' म्हणायचे. मी पापुद्राच म्हणायची, आणि पुढे पुढे साहेबही म्हणायला लागले. महिनाभराचे ठिपके एकदम पाहिले की गर्दी कुठं होते ते कळायचं. मग तिथं गाडी आधीच नेऊन उभी करायची. तहान लागल्यावर विहीर खोदायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मला ते पान फार आवडलं. बाकीचे डबा खायला गेले की मी माझी पोळी टेबलावरच खायची आणि नकाशा हलवून पाहायची. पहिली खूण मी दिग्रसला अब्बांच्या दुकानावर केली. ठिपका हातानं कसा टाकायचा, तारीख कशी लावायची, एखाद्या जागेभोवती वीस मिनिटांचं वर्तुळ कसं काढायचं, हे सगळं चुकत चुकत शिकले. दोन महिन्यांत आमच्या दवाखान्यातल्या नव्या पोरी काही अडलं की मला विचारायला यायच्या. मी तेव्हा पन्नाशी पार केली होती. मजा वाटायची, खोटं कशाला बोलू.

त्याच सुमाराला बोंडअळी आली. कापसाचं बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी. लोक घाबरले. पंधरा दिवसांनी होणारी फवारणी आठवड्यावर आली. एका औषधानं अळी मरत नाही म्हणून दोन-दोन औषधं एकत्र कालवू लागले. फवारणारे बहुतेक मजूर. चार-पाच माणसांची टोळी आज या वावरात, उद्या त्या वावरात. बायका नदीवरून पाणी आणून पंप भरून द्यायच्या. तोंडाला दुपट्टा बांधला की झालं संरक्षण.

पोळा झाला आणि फोन वाढले. आणखी एक गंमत सांगते, म्हणजे गंमत नाही ती. औषध अंगावर गेलं असं कोणी सांगायचंच नाही. विषाचं नाव काढलं की पोलीस येतात, जबाब होतात, माणसानं स्वतःच पिलं का म्हणून विचारतात. म्हणून सगळे सांगायचे, चक्कर आली. ऊन लागलं. घाबरं झालं. आमच्या दवाखान्यातल्या केसपेपरवरही मग तेच उतरायचं. मी मात्र फवारणीच्या दिवसांतली चक्कर वेगळ्या, लाल रंगात टाकायची. साहेबांनी ते मान्य केलं होतं.

पंधरा दिवसांत आमच्या नकाशावर एक जागा लालभडक झाली. बोरखडी गावाच्या अलीकडे मारोतीची टेकडी आहे, तिथं. वर देऊळ, देवळापर्यंत डांबरी रस्ता, पलीकडच्या उताराखाली नदी आणि नदीकाठची वावरं. साहेबांनी त्या टेकडीभोवती वर्तुळ काढलं. सगळी वावरं वर्तुळात आली. तालुक्यात गाड्या दोन. एक दवाखान्यात राहील, दुसरी फवारणीचा हंगाम संपेपर्यंत टेकडीवर उभी राहील, असा आदेश निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

गाडीवर रामधनभाऊ राठोड होते. तांड्यावरचा माणूस, पन्नाशीच्या आसपासचा, तालुक्यातला एकही खड्डा त्यांना न ओळखणारा नाही. गाडीत एक डॉक्टर असायचे.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. बाईमाणसाचा आवाज, धापा टाकत.

"गाडी धाडा वो बाई, माह्या दीराले लय घाबरं होऊन राह्यलं. तोंडाले फेस आला."

"नाव काय तुझं, बाई? कुठून बोलते?"

"पंचफुला. टेकडीवरून, मारोतीपासून."

मी नकाशा पाहिला. तिचा ठिपका आणि आमची गाडी एकमेकांवर चढलेली. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, "घाबरू नको. तुझ्या मागंच गाडी उभी आहे. वळून पाह्य."

"हव, दिसून राह्यली."

"मग दीराले घाल तिच्यात."

तेव्हा ती बाई जे बोलली ते मी रोज ऐकते. म्हणाली, "दीर अथी कुठी हाये, बाई? दीर तं खाली वावरात पडला. खाली रेंजच नाई. मी फोन लावाले वर आली."

मग रामधनभाऊंनी तिचा फोन घेतला; मला ते आपा, म्हणजे ताई, म्हणत. "आपा, खाली बकरीची पायवाट हाये. गाडी कशी नेऊ? मले परत फाट्यावर जा लागते, अन् बोरखडीवरून फिरून या लागते."

"किती वेळ?"

"पाऊन तास. चिखल असला तर तास."

नकाशावर टेकडी आणि नदी यांच्यात एका बोटाचं अंतर होतं. डॉक्टर पिशवी घेऊन पायवाटेनं धावत उतरले, त्यांना जमलं ते त्यांनी केलं. रामधनभाऊ गाडी फिरवून पोचले तोवर तासाला थोडंच कमी होतं. लच्छू टेकाम त्याचं नाव. फाट्यावर येता येता गाडीतच गेला.

त्या दिवशी संध्याकाळी नकाशावर त्याचा ठिपका टेकडीवर पडला होता, देवळाच्या पायरीजवळ. जिथं तो माणूस त्या दिवशी गेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वही काढली आणि टेकडीवरच्या प्रत्येक ठिपक्याचा नंबर लावून एकच विचारलं: तुम्ही बोलत कुठून होता ते सोडा, माणूस कुठं पडला होता? सगळी उत्तरं सारखीच. फोन टेकडीवर, माणूस खाली. पाच ठिपके तर एकट्या पंचफुलाच्या फोनचे होते. ती कोलामांच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, टोळीला पाणी भरून द्यायची, आणि टोळीत चालता फोन तिचाच. म्हणजे जी टेकडी आम्हाला धोक्याची दिसत होती, ती एका धावणाऱ्या बाईची होती.

सुट्टीच्या दिवशी दिग्रसला गेले. दुकानात शिरले आणि समोरची भिंत पाहिली. डाव्या हाताचा एकही खिळा रिकामा नव्हता. एकेका खिळ्याला तीन-तीन पंप. उजवी बाजू अर्धी मोकळी.

"रफीक, ये क्या है?"

"आपा, या साली फवारायची लंबी नळी पुरूनच नाही राह्यली. नदीकाठचे समदे लंबी मागून राह्यले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली म्हनते. बोरखडीवाले तं म्हनते, दोन नळ्या जोडून द्या."

मी तिथंच पोत्यावर बसले. नळी डोक्यावर धरून फवारायचं, म्हणजे औषध पानावर कमी आणि स्वतःच्या तोंडावर जास्त. उंच पऱ्हाटीत वाराही नाही. माणसं तिथंच पडणार होती, आणि हे अब्बांच्या भिंतीला माहीत होतं. मी त्या भिंतीखाली वाढले, आणि संगणकावरच्या लाल टेकडीला टाळ्या वाजवून आले. रफीकनं चहा मागवला, मी प्यायले नाही. तो म्हणाला, "आपा, तुले बरं नाही का?" म्हटलं, "मले बरं आहे. मले वहीचा कागद दे."

भिंतीवरच्या डाव्या हाताच्या गावांची यादी करून आणली आणि नकाशावर एक नवा पापुद्रा केला. त्यात टेकडीवरचा एकेक ठिपका उचलून, जिथं माणूस पडला तिथं नेऊन ठेवला. सगळे नदीच्या कडेनं ओळीनं बसले, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या माळेसारखे. साहेबांना फोन केला. ते आले, मन लावून पाहिलं, आणि मान हलवली.

"शमीमबाई, ठिपके असे हातानं सरकवायचे नसतात. प्रणालीत आलेलं ठिकाणच प्रमाण. प्रत्येकजण सरकवायला लागला तर नकाशा कशाला हवा?"

"साहेब, हा ठिपका फोनचा आहे. मी माणसाचा मागते."

"आणि समजा गाडी नदीकाठी नेली. तिथं रेंज नाही. तुम्ही गाडीला सांगणार कसं? ती तिथं उभी आहे आणि शेजारच्या वावरात माणूस पडलाय, हे ड्रायव्हरला कसं कळणार?"

साहेब वाईट नव्हते म्हणते ते यासाठी. त्यांचा प्रश्न खरा होता.

उत्तर पंचफुलानं दिलं. लच्छूच्या घरी भेटायला मी पोडावर गेले होते. जायला भीती वाटत होती, पण गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, शेजारी तिचा नवरा देवराव. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "आवाजावरून वळखलं मी. मागं पाह्य म्हने तेच ना तुमी?" मी म्हटलं, "हो, तीच." मग साहेबांचा प्रश्न मी तिला सांगितला, तो मला सुटत नाही असंही सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मी अगदीच खुळी आहे.

"वावरात डुक्कर शिरते तवा आमी कोनाले फोन लावतो काय? डबा वाजवतो. या मचानावरून त्या मचानावर जाते आवाज."

रानडुकरं हाकलायला नदीकाठच्या प्रत्येक वावरात मचाण असतं आणि मचाणावर तेलाचा रिकामा डबा. एकानं वाजवला की दुसरा वाजवतो. नदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती यंत्रणा आमच्या नकाशावर कुठल्याच पापुद्र्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी रामधनभाऊंना फोन करून सांगितलं, गाडी बोरखडीच्या शाळेजवळ उभी करा, नदीकाठी. डबा वाजला की आवाजाच्या दिशेनं निघायचं.

"आपा, माही नोकरी जाईन."

"गेली तर माझी जाईल. तुमच्या लॉगबुकात लिहा, ऑपरेटरच्या सांगण्यावरून."

"ऑपरेटर म्हनजे तीन जनी हाये तुमी."

"मग नाव लिहा. शमीम. पूर्ण नाव लिहा, आडनावासकट."

मी माझ्या नोंदवहीतही तसंच लिहिलं आणि सही केली. लपूनछपून काही केलं नाही. टायर पंक्चर झालं, डिझेल भरायला गेलो, असली कारणं रामधनभाऊंना शंभर येत होती. मला ती नको होती.

पुढचं मी रामधनभाऊंच्या तोंडूनच ऐकलं. पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा वाजला. "आपा, सांगू का, डुकरासाठी वाजवते तो आवाज येगळा. हा लागोपाठ, दम न घेता. मी गाडीत हावो का बाहेर, मलेच समजलं नाही." तीन वावरं सोडून चौथ्यात एक मजूर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडवा. गाडी धुऱ्यापर्यंत गेली. तो वाचला. मग दुसरा. मग एका दिवसात दोन. एकदा डबा वाजवणारी पंचफुला होती आणि पडलेला देवराव, तिचा नवरा. रामधनभाऊ सांगत होते, "गाडीत बसली अन् त्याले म्हने, मले दोनदा सुतकात बसवतं का रे?" देवरावही वाचला. दसऱ्याच्या आतल्या त्या दिवसांत सात माणसं गाडीत आडवी आली आणि दवाखान्यातून आपल्या पायांनी गेली.

याची किंमत नव्हती असं म्हणणार नाही. एका दुपारी बरडावरच्या गावातून बाळंतपणाचा फोन आला. दवाखान्यातली गाडी दुसरीकडे गेलेली, आणि नदीकाठच्या गाडीला, तिथं रेंज नसल्यानं, मी बोलावू शकत नव्हते. बाई जीपमध्ये बाळंत झाली. दोघं सुखरूप होती, पण तिची सासू दवाखान्यात येऊन मला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलली. मी ऐकून घेतलं. तिचं चुकलं नव्हतं.

आणि मग नोटीस आली.

तिच्यातली एक ओळ वाचून मी आधी हसले आणि मग माझे कान तापले. लिहिलं होतं, "सदर कालावधीत सदर परिसरातून आपत्कालीन कॉल प्राप्त झाल्याची प्रणालीत नोंद नाही. सबब सदर ठिकाणी रुग्णवाहिका उभी ठेवण्याचे प्रयोजन दिसून येत नाही." बरोबरच होतं. डबा वाजत होता, म्हणून कोणी टेकडीवर धावत नव्हतं. फोन लागत नव्हता, म्हणून ठिपका पडत नव्हता. नकाशावर बोरखडी कशी स्वच्छ, धुतल्यासारखी. माणसं मरत होती तेव्हा ती जागा लाल होती. माणसं वाचायला लागली तशी ती पुसली गेली, आणि आता तिथं गाडीची गरजच नाही असं ठरत होतं. हंगाम संपायला अजून महिना होता. गाडी परत टेकडीवर गेली असती तर पुढचा लच्छू कोण, एवढंच ठरायचं बाकी राहिलं असतं.

मी खुलासा लिहिला. "गाडी नियुक्त ठिकाणी नव्हती हे खरे आहे. गाडी माणसांजवळ होती." सोबत सात केसपेपरचे नंबर जोडले. उत्तर आलं, केसपेपरवर 'चक्कर' अशी नोंद असून त्यावरून घटनास्थळ सिद्ध होत नाही, प्रणालीत नोंद नाही, सबब खुलासा समाधानकारक नाही. दसऱ्यानंतर गाडी टेकडीवर न्यावी.

हे मी रामधनभाऊंना सांगितलं, आणि रामधनभाऊंनी पोडावर सांगितलं. दोन दिवसांनी पंचफुलाचा फोन आला. टेकडीवरूनच, आणखी कुठून.

"आपा, त्याइले फोनच पाह्यजे ना?"

"नोंद पाहिजे म्हणतात."

"म्हनजे फोनच ना?"

"हो, बाई. फोनच."

"बरं," म्हणाली, आणि ठेवून दिला. माझ्या लक्षात आलं ती काय करणार ते. मी परत फोन लावून फक्त एवढंच सांगितलं, की जे करायचं ते दसऱ्याच्या दिवशी कर. त्या दिवशी आमच्याकडे पंप चालत नाही. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, पंप धुऊन, हळदकुंकू लावून भिंतीशी टेकवलेले असतात. रफीकच्या दुकानातही आठ दिवस आधीपासून पंप नुसते धुऊन न्यायला गर्दी होते, आणि तोही मग पाटावर पानसुपारी ठेवतो. दसऱ्याला फवारणी नाही, म्हणून आमची लाइनही मोकळी असते. खऱ्या अडलेल्या माणसाचा फोन अडकू नये, एवढीच माझी अट होती.

दसऱ्याला सकाळी माझी ड्यूटी होती. मी ती मागून घेतली होती. नऊ वाजून गेल्यावर पहिला फोन आला.

"मी बोलून राह्यलो, बाई. बोरखडीच्या नदीच्या वावरात पडलो व्हतो. गाडीनं नेलं. आता उभा हावो."

मी त्याचं नाव विचारलं, कोणत्या वावरात पडला ते विचारलं, आणि रीतसर नोंद केली. टेकडीवर एक लाल ठिपका पडला. मग दुसरा. मागून हसण्याचा, एकमेकांना ढकलण्याचा आवाज येत होता. "अबे, नाव नीट सांग." "सांगून राह्यलो ना, सरक." चौथा आला तो देवराव. त्याला बोलायची सवय नव्हती, तो नुसता म्हणाला, "मी देवराव. हाये." सातही नोंदी झाल्या. टेकडी पुन्हा लालभडक.

जिल्ह्याच्या कचेरीत त्या दिवशी सुट्टी, पण साहेब घरूनही नकाशा पाहायचे. दहा मिनिटांत त्यांचा फोन. आवाज बदललेला.

"शमीमबाई, टेकडीवर काय झालंय? किती लोक पडलेत?"

"कोणी पडलेलं नाही, साहेब. सात माणसं उभी आहेत."

मला वाटलं, आता दुसरी नोटीस. पण ते म्हणाले, "पहिला कुठं पडला होता?"

मी सांगितलं, नदीपासून दुसरं वावर, चिंचेच्या बाजूचं. ते म्हणाले, "थांबा, मी सरकवतो. पुढचा?" एकेक करून सातही ठिपके त्यांनी टेकडीवरून उचलून नदीकाठी नेऊन ठेवले. मी नुसती वावरं सांगत होते. पुढे फोन घेण्याच्या कागदावर एक ओळ वाढली: 'पडलेली व्यक्ती सध्या कुठे आहे?' 'आपण कुठून बोलता' याच्याही वर. गाडी हंगाम संपेपर्यंत बोरखडीलाच राहिली. नोटीस मात्र कोणी मागे घेतली नाही. माझ्या सेवापुस्तकात तो ताशेरा आहे. राहू दे.

पण त्या सकाळचं एक राहिलं. साहेबांचा फोन ठेवला आणि लगेच आठवा फोन आला. पंचफुला. मागचं हसणं थांबलेलं होतं.

"आपा, आमचा लच्छू अजून अथीच हाये का, देवळाच्या पायरीवर?"

मी पाहिलं. होता. जुना ठिपका, अडीच-तीन आठवड्यांपूर्वीचा.

"हो, बाई. तिथंच आहे."

"त्याले बी खाली न्या ना. तो वर आलाच नव्हता."

मी कोणाला विचारलं नाही. तो ठिपका उचलला, आणि पंचफुला जसजशी सांगत गेली, पायवाटेनं खाली, बाभळीच्या उजव्या हातानं, पाटाच्या पलीकडे, तसतशी नेत गेले. "बस, अथीसा," ती म्हणाली. तिथं सोडला. त्या नकाशावर पुढे माझी निवृत्ती होईपर्यंत मी तो ठिपका रोज पाहायची. कोणी त्याला परत वर नेलं नाही.